हात मागे बांधून

पन्नाशीला टेकलेला सर्जन शिकायला परदेशी निघाला, ही गोष्ट नाशिकमध्ये सहजासहजी कुणाच्या पचनी पडत नाही. दवाखान्यावर पाटी आहे, पाटीवर नावाखाली पदव्यांची लांबलचक ओळ आहे. सुरगाण्याहून आलेला पेशंट ती ओळ संपेपर्यंत मान वर करून बघतो आणि मगच चपला काढतो. आता आणखी काय शिकायचं राहिलं? आईनं तर सरळच विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं लोकांना न शिकताच कापत होतास की काय?"

त्यातून मी निघालो होतो तैवानला. हा शब्द नाशिकच्या हवेत दहा पावलं गेला की त्याचा थायलंड होतो. सोसायटीचे सेक्रेटरी, सकाळी फिरताना भेटणारे निवृत्त प्राचार्य, पॅथॉलॉजीवाले मित्र, सगळ्यांनी तेच ऐकलं.

"थायलंड? वा वा! वहिनीही येतायत का?"

"नाही, एकटाच. फेलोशिप आहे."

"असणारच," असं म्हणून ते जे हसत, त्याच्यापुढे पदव्यांची अख्खी ओळ निकामी ठरे.

तैवान म्हटल्यावर तैवानच ऐकणारा एकच माणूस भेटला, दिंडोरीकडचा एक शेतकरी. कडबाकुट्टीत गेलेली त्याची दोन बोटं मी पूर्वी शिवली होती. तो म्हणाला, "म्हणजे आपला तैवान पिंक पेरू जिथून आला, तिथं ना? आमच्या मामांनी तैवानची 786 पपई लावली होती. बियाणं चोख असतं सर त्यांचं. जा तुम्ही बिनधास्त." माझ्या प्रवासाला मिळालेली ही पहिली तज्ज्ञ शिफारस. तिच्या जोरावर मी घरात बाकीचे प्रश्न परतवले.

खरं कारण आमच्या ओपीडीत रोज बाकावर बसलेलं असतं. कुणी मिश्री लावणारी मावशी, कुणी तंबाखू-चुना मळणारा ड्रायव्हर, कुणी सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळीला जागं राहायला म्हणून पुडी तोंडात टाकणारा पोरगा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 साली बंदी आली. पेशंटच्या खिशापर्यंत मात्र ती अजून पोचायची आहे. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी घाला, असं आम्ही सांगतो. निरोगी माणसाची जातात, यांचं एकही कसंबसं जातं. भाकरी दुधात कुस्करून खाणं किती दिवसांपासून चाललंय, हे बायको सांगते. तो स्वतः छताकडे बघत राहतो. पुढे कॅन्सरचा सर्जन जबड्याचा तुकडा काढतो आणि मग माझ्यासारख्याची गरज लागते, कारण जबड्याशिवाय माणसाला खाता येत नाही, नीट बोलता येत नाही आणि लग्नाकार्याला जायचं म्हटलं की तो आजारी पडतो.

नवा जबडा करायचा तो त्याच्याच पायातून. गुडघ्याखाली दोन हाडं असतात. शरीराचं बहुतेक ओझं जाडं हाड उचलतं. शेजारच्या बारक्या हाडाची दोन्ही टोकं जागेवर ठेवून मधला भाग काढून घेतला, तरी माणूस चालतो, जिनेही चढतो. ते हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट उचलायचं, पाचर कापून जबड्याच्या वळणात बसवायचं आणि त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडायच्या. न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी 1989 मध्ये जबड्यासाठी हे करून दाखवलं. जोडायची वाहिनी शेवईएवढी आणि दोरा केसाहून बारीक. मी हे करत होतो, नाही असं नाही. पण वर्षाकाठी थोड्या केसेस करणं वेगळं आणि जिथे हे रोजचं काम आहे तिथे जाऊन बघणं वेगळं.

असं ठिकाण म्हणजे तैपेईजवळच्या लिंको इथलं चांग गुंग मेमोरियल हॉस्पिटल. तीन हजारांहून जास्त खाटा. इथल्या फू-चान वेई यांनी मांडीवरची त्वचा उचलून दुसरीकडे लावायची पद्धत जगभर रुळवली. 2002 मध्ये त्यांच्या चमूनं जो लेख लिहिला, तो 672 शस्त्रक्रियांच्या अनुभवावर. हा आकडा वाचून आमच्यासारख्यांना आधी आदर वाटतो आणि मग थोडं पाणी प्यावंसं वाटतं.

या रुग्णालयाची आणखी एक गंमत. प्लास्टिक सर्जन म्हणजे प्लास्टिक बसवणारा डॉक्टर, ही आमच्या निम्म्या पेशंटांची पक्की समजूत. "सर, चांगल्या क्वालिटीचं बसवा, पैशाचं बघू," असं एकदा एकांनी कानात सांगितलं होतं. ही समजूत खोडून काढण्यात माझं तारुण्य गेलं, आणि शिकायला गेलो ते नेमका प्लास्टिकवाल्यानं बांधलेल्या रुग्णालयात. फॉर्मोसा प्लास्टिक्सचे संस्थापक वांग युंग-चिंग यांनी 1976 मध्ये वडिलांच्या नावानं ही रुग्णालयांची साखळी सुरू केली. पाइपांच्या पीव्हीसीतून उभा राहिलेला पैसा. हे मी नाशिकच्या पेशंटांना अजून सांगितलेलं नाही.

तिथे माझा हुद्दा होता ऑब्झर्व्हर, म्हणजे बघ्या. हात धुवायचे नाहीत, टेबलाला टेकायचं नाही, निळ्या कापडापासून अंतर ठेवून उभं राहायचं. आपल्याकडे रस्त्यावर अपघात झाला की जमणाऱ्या मंडळींना जो दर्जा असतो, तोच. फक्त टोपी आणि मास्क जास्त. बघ्यांमध्ये एक ब्राझीलचा होता, एक इजिप्तचा आणि एक तुर्की. सगळे आपापल्या गावचे मोठे डॉक्टर. प्रत्येकाच्या गावी कुणीतरी दार उघडून धरणारं होतं आणि इथे आम्ही चौघं एका पायरीसारख्या स्टुलावर आळीपाळीनं चढून डोकावत होतो. इजिप्तवाला उंच होता, त्याला स्टूल लागत नसे. त्याच्याविषयी आम्हा तिघांचं मत पहिल्या दिवसापासून वाईट होतं.

नाशिकमध्ये मी हात पुढे केला की सिस्टर न सांगता हत्यार ठेवतात. इथे तसा हात पुढे जाऊ नये म्हणून मी दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवायला लागलो. त्यात एक सोय निघाली. हातांना काम नसलं की डोळे भलतीकडे फिरतात. पहिले काही दिवस मी टाके बघत होतो. टाका कुठे घातला, गाठ किती, सुई कुठली. मग ते संपलं, कारण टाके माझ्यासारखेच होते. जरा बरे होते, पण तसेच होते. त्यानंतर मी बाकीचं बघायला लागलो आणि खरा अभ्यासक्रम तिथे सुरू झाला.

एका सकाळी वरिष्ठ सर्जननी शीर जोडली. स्क्रीनवर सगळ्यांना ती सुरेख दिसत होती. तुर्की मित्रानं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, म्हणजे दाद दिली. क्लिप काढली, रक्त वाहायला लागलं. ते काही वेळ बघत राहिले, काहीच बोलले नाहीत आणि कात्री मागितली. स्वतःचे सगळे टाके कापून काढले आणि पहिल्यापासून जोडायला घेतलं. खोलीत कुणी सुस्कारा टाकला नाही. भूलवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. नर्सनं नवा दोरा आधीच उघडलेला होता. आमच्याकडे अशा वेळी सर्जन आधी दोऱ्याच्या कंपनीवर, मग लाइटवर, मग असिस्टंटवर आणि शेवटी सरकारवर घसरतो आणि तोवर टाके मात्र तसेच ठेवतो, कारण चालतंय ना रक्त, चालेल. हे कुठल्याही व्हिडिओत दिसत नाही. व्हिडिओत दुसऱ्यांदा जोडलेलीच शीर असते.

दुसरी बघण्याची जागा म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा विभाग. फ्लॅप, म्हणजे वाहिन्यांसकट उचललेला तुकडा, लावला की तो पहिले दोन-तीन दिवस केव्हाही दगा देऊ शकतो. शिरेत गुठळी झाली तर तो आधी निळसर होतो, मग जांभळा, आणि ते काही तासांत लक्षात आलं तरच वाचतो. म्हणून नर्स दर तासाला येते. रंग बघते, बोटानं दाबून सोडते, किती वेळात लाली परत आली ते मोजते, छोटा डॉपलर टेकवून आवाज ऐकते आणि लिहिते. रात्री तीन वाजता लिहिलेलं अक्षरसुद्धा दुपारच्याइतकंच स्वच्छ होतं. तिला शंका आली तर ती रेसिडेंटला विचारत बसत नाही, सरळ वरिष्ठांना फोन करते आणि पुढच्या थोड्या वेळात ऑपरेशन थिएटरचे दिवे लागतात. शेकडा पंच्याण्णवच्या वर यशाचे जे आकडे आपण परिषदांमध्ये टाळ्या वाजवून ऐकतो, त्यातले निदान काही टक्के या रात्री तीनच्या अक्षराचे असावेत असं माझं मत झालं आहे.

ओपीडीत मात्र मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. तैवानमध्ये रस्त्याकडेला काचेच्या चौकोनी टपऱ्या असतात, रंगीत दिव्यांनी झगमगणाऱ्या. आत बसलेली मुलगी हिरवी कोवळी सुपारी चुना लावून, पानात गुंडाळून विकते. गिऱ्हाईक बहुतेक ट्रकवाले आणि बांधकामावरचे मजूर. त्यात तंबाखू सहसा नसतो. आमचे कित्येक पेशंट छातीवर हात ठेवून सांगतात ना, "तंबाखूला शिवत नाही सर, नुसती सुपारी," त्यांनी एकदा लिंकोच्या बाकावर येऊन बसावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. बाकावरची माणसं तशीच: चेहरे गोल, पण बायको पुढे होऊन बोलणारी आणि नवरा छताकडे बघणारा.

एका ट्रकवाल्याचा जबडा सहा महिन्यांपूर्वी बसवला होता, सुरेख जमला होता. तपासून झाल्यावर त्यानं हळूच काहीतरी विचारलं. रेसिडेंट हसू दाबत माझ्याकडे वळला. मी म्हटलं, भाषांतराची गरज नाही. नवीन हाड आहे, तर आता थोडी सुपारी चालेल का, हेच ना? रेसिडेंट चकित झाला. मला वाटतं, माझ्या तिथल्या संपूर्ण वास्तव्यात माझ्या विद्वत्तेची छाप पडली ती एवढीच.

त्या रेसिडेंटशी मग ओळख झाली. त्याला भारताविषयी एक गोष्ट नेमकी ठाऊक होती, कारण ती आमच्या शाखेच्या प्रत्येक ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात असते: कपाळाची कातडी खाली वळवून नाक करायची भारतीय पद्धत. "ते जिथे करत, तुमचं गाव त्याच्या जवळ का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, जवळ म्हणजे काय, नाक कापण्याचा मान आमच्या पंचवटीचा, शूर्पणखेपासूनचा. बसवण्याचा मान पुण्याकडे जातो. (पुणेकरांना यात नवल वाटणार नाही. आपलं नाक मुळात वरच असतं, असं त्यांचं म्हणणं पडेल.)

नाक बसवण्याची ती हकिगत 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. कावसजी नावाचा मराठी बैलगाडीवाला इंग्रज फौजेबरोबर होता. टिपूच्या माणसांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नाक करून दिलं. मेणाचं नाक घडवून बघितलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, कडेनं रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली, दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली आणि वळवून खाली बसवली. वर कात पाण्यात कालवून फडक्याला लावून चिकटवला. चार दिवस हात लावला नाही. मग तुपात भिजवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापून टाकली. आज आम्ही ज्याला नाजूक तंत्र म्हणतो, ते सगळं त्यात आहे. रक्त मधल्या पट्टीतून येतं, म्हणून ती पट्टी घाईनं कापायची नाही, हे त्या माणसाला नेमकं कळलेलं होतं. आणि विड्यातला कातही त्या काळी जखमेवर लागत होता, हे कळल्यावर त्या ट्रकवाल्याचा प्रश्न मला अगदीच निराधार वाटेना.

मला त्या हकिगतीत कुतूहल आहे ते बाजूला उभ्या राहिलेल्या दोघांचं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, मुंबई इलाख्याचे इंग्रज डॉक्टर. पदव्या होत्या, हुद्दे होते, टोप्याही असणार. समोर वीटवाला पद्मासन घालून किंवा उकिडवा बसून काम करतोय आणि हे साहेब मान वाकवून बघतायत. मध्येच काही सुचवावंसं त्यांना वाटलं असेल का? एखादा हात पुढे गेला असेल का? फेलोशिपची फी नव्हती, प्रमाणपत्रही नव्हतं. हकिगतीत साहेबांची नावं आहेत, गाडीवाल्याचं आहे. शिकवणाऱ्याचं मात्र नाही. लंडनच्या जोसेफ कार्पूनं या बातमीवर भरवसा ठेवून वीस वर्षं पेशंटची वाट पाहिली, प्रेतांवर हात बसवला आणि 1814 मध्ये पहिलं नाक केलं; 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यानं पुण्यातलं नाक स्वतः पाहिलेलं नव्हतं. लांबून शिकण्याचा हा विक्रम अजून कुणी मोडल्याचं मला ठाऊक नाही.

संध्याकाळी मात्र मी मोकळा असे. शाकाहारी माणसाचं तैवानमध्ये काय होणार, ही घरी मोठी काळजी होती आणि चिवड्याच्या पुड्यांनी निम्मी बॅग भरलेली होती. दुसऱ्याच दिवशी एका खाणावळीच्या पाटीवर स्वस्तिक दिसलं. बौद्ध शाकाहारी खाणावळींची ती खूण. ताटात हवं ते वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. स्वस्तिकाच्या मागे लागून मी तिथे जितकं देवभोळं आयुष्य काढलं, तितकं नाशिकला गोदाकाठीही काढलं नव्हतं. चिवडा मग ब्राझीलवाल्यानं संपवला. त्याला वाटलं, हे आयुर्वेदिक आहे. संध्याकाळी गल्लीत बेथोव्हेनचं 'फ्युर एलिसे' वाजायचं आणि मी पहिल्या दिवशी हौसेनं गॅलरीत गेलो. ती कचऱ्याची गाडी होती. लोक पिशव्या घेऊन तिच्यामागे पळत होते. आपली घंटागाडी सकाळी येते आणि गाणं वेगळं लावते, पण पळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव सगळीकडे सारखा.

परतल्यावर नाशिकचा पहिला प्रश्न होता, "कुठलं मशीन आणलं?" परदेशात जाऊन आलेल्या डॉक्टरनं मशीन आणायचं असतं, निदान त्याचा फोटो वर्तमानपत्रात तरी द्यायचा असतो. मी म्हटलं, एक तक्ता आणलाय. दर तासाला भरायचा. ऐकणाऱ्याची निराशा लपली नाही. सिस्टरांनी पहिल्या रात्री तो तक्ता सकाळी सहाला एकदम भरला, बाराही रकाने एकाच शाईत. दुसऱ्या रात्री मी दीड वाजता जाऊन बसलो. त्यांना वाटलं, घरी काही बिनसलंय. चहा करून दिला. तिसऱ्या रात्री रकाने वेगवेगळ्या वेळी भरले गेले. पुढे एकदा पहाटे साडेतीनला सिस्टरांचा फोन आला: "सर, रंग मला बरोबर वाटत नाही." रेसिडेंटला विचारलं का, असं माझ्या तोंडावर आलं होतं, गिळलं आणि गाडी काढली. शिरेत गुठळी होती. हाड वाचलं. त्या पेशंटनं डिस्चार्जच्या वेळी पेढे मला दिले. मी ते सिस्टरांच्या टेबलावर ठेवले, तर त्याला वाटलं, सरांना शुगर आहे.

सराव मात्र चालू ठेवायला हवा, हे तिकडून येतानाच ठरवलं होतं. मायक्रोसर्जरीचा हात बसवायला कोंबडीची तंगडी उत्तम. तिच्या मांडीतली रोहिणी जवळपास आपल्याला हवी तेवढ्याच जाडीची असते. भद्रकालीत ज्याच्याकडून घेतो, त्याला मी सांगितलं, तंगडी अखंड हवी, तुकडे करायचे नाहीत, रग दिसली पाहिजे, ताणायची नाही. तो सुरी थांबवून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, खायचीय का तपासायचीय?" आमच्या घरात कोंबडी येत नाही, त्यामुळे सगळा कारभार हॉस्पिटलमध्ये, लसींच्या नव्हे, स्टाफच्या डब्यांच्या फ्रिजमध्ये. जोडून झालेल्या तंगड्या वॉर्डातले मामा घरी नेतात. टाके काढून रस्सा छान होतो, असं त्यांचं मत आहे. श्रावण लागला, तेव्हा सिस्टरांनी फ्रिजला हात लावायचं नाकारलं. मी समजावून सांगितलं की हे खाणं नसून शिक्षण आहे. त्यांनी थोडा विचार केला आणि सगळ्यांना दिसेल अशी चिठ्ठी दारावर चिकटवली: 'खालचा कप्पा सरांच्या अभ्यासाचा आहे. नवीन टाके असताना मामांनी उघडू नये.'